नलिनी कोयंडे यांनी हात वर केला

रविवार, २२ सप्टेंबर २०१९. चोवीस बिऱ्हाडे, एक्याऐंशी माणसे.

मुलुंड पूर्वेला मिठागर रोडपासून आत वळणाऱ्या एका गल्लीत चार मजल्यांची इमारत होती. होती असेच म्हणावे लागते, कारण आज तेथे पत्र्याच्या कुंपणाआड खड्डा आहे. त्या रविवारी संस्थेचे सभासद गच्चीवर ताडपत्रीखाली जमले होते. इमारत पाडून नवी बांधण्याचे काम कोणत्या विकासकाला द्यायचे हे आधीच्या सभेत ठरले होते. ठरायचे राहिले होते ते एवढेच, की विकासकाने बँकेची हमी दिल्याखेरीज घरे रिकामी करायची नाहीत ही सचिवांची अट ठेवायची की सोडून द्यायची. अट सोडायची तर ती घालणारा सचिवही बदलणे भाग होते. दोन्ही गोष्टी एकाच ठरावात मांडल्या होत्या आणि मतदान हात वर करून व्हायचे होते.

तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनी कोयंडे त्या वेळी सदुसष्ट वर्षांच्या होत्या. पती वारलेले, एकुलती मुलगी मानसी लग्न होऊन जोगेश्वरीला. त्यांच्या नावावर स्वयंपाकघर धरून दोन खोल्यांचे हे घर होते आणि त्याखेरीज काहीही नव्हते. गुडघे गेल्यामुळे आठवड्यातून एकदाच त्या खाली उतरत. लिफ्ट असलेली नवी इमारत त्यांना इतर कोणाहूनही अधिक हवी होती, आणि घर हातचे जाण्याची भीतीही इतर कोणाहून अधिक होती. या भीतीला इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून त्या दिवशीचा त्यांचा हात समजणार नाही.

मालवणजवळच्या मासेमारांच्या वाडीत त्यांचा जन्म झाला आणि लालबागच्या चाळीत त्या वाढल्या. वडील गिरणीत वाइंडिंग खात्यात होते. १९८२ चा संप लांबला तेव्हा आईवडील गावी निघून गेले. गावातल्याच एका नातेवाइकाने, ज्याला सगळे भाऊ म्हणत, खोलीचे भाडे आपण भरत राहू असे आपणहून सांगितले आणि त्याबद्दल काही घेण्यास साफ नकार दिला. दीड-दोन वर्षांनी वडील परतले तेव्हा भाडेपावती भाऊच्या नावावर झाली होती आणि खोलीत भाऊचा संसार होता. वडील कोर्टात गेले नाहीत. मुलीच्या घरी, मुलुंडला, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांमधल्या पट्ट्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे काढली. भाऊने आपल्याकडून एक पैसाही घेतला नाही, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले. सांगताना त्यांना नेमके काय म्हणायचे असे हे कोणाला उमगले नाही. मुलीने मात्र त्यातून आपल्यापुरता एक नियम काढला. जो माणूस दुसऱ्याच्या घरासाठी फुकट राबतो, त्याचा त्या घरावर डोळा असतो.

मुलुंडचे घर नलिनीबाईंनी १९८६ मध्ये घेतले. टेलिफोन खात्यातल्या नोकरीवर मिळालेले कर्ज आणि मोडलेले दागिने त्यात गेले. तेव्हा मुलुंड पूर्व हे मिठागरांच्या कडेचे, डासांसाठी प्रसिद्ध ठिकाण होते आणि लालबागचे नातेवाईक तिकडे जाणे म्हणजे मुंबई सोडणे मानत. पुढे चाळीस वर्षांच्या आत त्याच गल्लीच्या तोंडाशी परदेशी चीज विकणारे दुकान आले, कुत्र्यांचे केस कापण्याचे दालन आले, आणि ज्या घरासाठी बांगड्या मोडल्या त्याची किंमत नलिनीबाईंना स्वतःशी उच्चारतानाही अवघडल्यासारखे होई. सुखवस्तू उपनगरात राहणे त्यांच्या वाट्याला असे आले, की त्या जागच्या हलल्या नाहीत आणि उपनगर त्यांच्याभोवती श्रीमंत होत गेले. अशी श्रीमंती कागदावर असते. ती हातात यायची तर घर आधी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते.

सचिव श्यामकांत दाबके पहिल्या मजल्यावर राहत. बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेले, उंच, शिष्ट वाटावेत इतके मितभाषी. सतरा वर्षे ते संस्थेचे मानद सचिव होते. पाण्याची टाकी, गच्चीची गळती, महापालिकेतले खेटे, सगळे त्यांनी बिनमोबदला केले. लोकांनी याचे कौतुक करायला हवे होते. पहिली काही वर्षे ते झालेही. पुढे जागांचे भाव जसे चढले तसे त्या कौतुकाचे रूप बदलले. लाखांच्या इमारतीचा बिनपगारी सचिव हा भला माणूस असतो. तीच इमारत कोट्यवधींची झाली की त्याच्या भलेपणाचे कारण शोधले जाऊ लागते.

दाबके कामासाठी प्रत्येक घरी जात, पण कोणाच्याही घरी काही घेत नसत. चहा नाही, सरबत नाही, पाणीसुद्धा नाही. बहुतेकांनी ही त्यांची तऱ्हा म्हणून सोडून दिली होती. नलिनीबाईंनी सोडली नव्हती. लहानपणी चाळीत त्यांच्या घरी पाणी न पिणारी माणसे त्यांनी पाहिली होती. ती माणसेही उद्धटपणे नाही म्हणत नसत. आत्ताच झाले, असे हसून म्हणत. दाबकेही तसेच म्हणत.

विकासकाचा माणूस सौरभ नावाचा तिशीतला तरुण होता. २०१८ च्या दिवाळीनंतर एका दुपारी बँकेचे काम आटोपून नलिनीबाई रिक्षाची वाट पाहत स्टेशनजवळ उभ्या असताना समोरच्या उडुपी हॉटेलात त्यांना सौरभ दिसला, आणि त्याच्यासमोर दाबके. दाबके चहा पीत होते. घाई नव्हती. बशीत ओतून, फुंकर घालून पीत होते.

बाईंनी हे कोणाला लगेच सांगितले नाही. पण संस्था आणि विकासक यांच्यातला करार त्या काळात पुढे सरकत नव्हता. दाबके मसुदा परत पाठवत, विकासक तो बदलून आणे, दाबके पुन्हा परत पाठवत. हमीच्या अटीवर सगळे अडले होते. लोकांचा धीर सुटत चालला होता, आणि उशिराचा फायदा कोणाला, हा प्रश्न जिन्यात विचारला जाऊ लागला होता.

संक्रांतीनंतर चौथ्या मजल्यावरच्या गंधालीकडे हळदीकुंकू होते. ती आणि तिचा नवरा श्रेयस यांनी दोन वर्षांपूर्वी, इमारत पाडली जाणार हे हेरूनच, बाजारभावाने ती जागा घेतली होती. महिन्याचा हप्ता तिच्या पगाराएवढा होता. दाबकेकाका इतके का अडवतात ते कळत नाही, असे ती वाणाच्या वाट्या देता देता म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. तेव्हा नलिनीबाई बोलल्या.

"आमच्या घरचं पाणी चालत नाही त्यांना. बिल्डरचा चहा चालतो."

एक-दोघी हसल्या. बाकीच्यांनी कुठे, कधी, कोणाबरोबर हे विचारून घेतले.

रथसप्तमीपर्यंत हे वाक्य चारही मजल्यांवर पोहोचले होते. दुसऱ्या मजल्यावर त्या चहाचे जेवण झाले. तळमजल्यावर जेवणानंतर एक पाकीट दिले गेले. मार्चमध्ये तळमजल्यावरच्या एका बाईंनी जिना चढून येऊन, दार लोटून घेऊन, नलिनीबाईंना सांगितले की दाबक्यांना हॉटेलात पाकीट घेताना कोणीतरी पाहिले आहे. नलिनीबाईंना धक्का बसला नाही. त्यांना वाटले, आपण पाहिले ते खरेच होते तर. आपलेच वाक्य जिना उतरून आणि पुन्हा चढून आपल्याकडे आले आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. ज्या समाजात बातमीचा उगम विचारणे असभ्य मानतात, तेथे माणूस आपलीच साक्ष दुसऱ्याची म्हणून ऐकतो आणि तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

सभेत ठराव श्रेयसने मांडला. तो बोलण्यात सभ्य होता. कोणावर आरोप करायचा नाही, असे म्हणून त्याने सुरुवात केली.

"काका, एकच विचारतो. स्टेशनजवळच्या हॉटेलात तुम्ही सौरभबरोबर चहा प्यायलात की नाही?"

"प्यायलो."

"मग?"

"मग काही नाही. मला काढायचं असेल तर काढा. अट ठेवा."

मागून कोणीतरी म्हणाले, "अट ठेवली की रेट वाढतो ना." त्यावर हशा झाला. दाबक्यांनी चष्मा पुसला आणि ते खाली बसले. पाकिटाचा उल्लेख कोणी केला नाही. केला असता तर त्यांना निदान तो आरोप नाकारता आला असता.

नलिनीबाईंची अडचण इतरांहून वेगळी होती. त्यांना अट पटत होती. विकासकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हमी मागणे योग्यच आहे असे त्या मानसीला फोनवर अनेकदा म्हणाल्या होत्या. परंतु अट इतकी चांगली होती, आणि ती घालणारा माणूस त्यासाठी काहीच मागत नव्हता. खोलीचे भाडे भरतो म्हणणाऱ्या भाऊची सूचनाही चांगलीच होती. ठरावाच्या बाजूचे हात मोजले जात असताना त्या काही क्षण थांबल्या. मग त्यांनी हात वर केला. बारा विरुद्ध अकरा मतांनी ठराव मंजूर झाला. चोविसावे घर दुबईला राहणाऱ्या सभासदाचे होते आणि ते बंद होते.

श्रेयस सचिव झाला. हमीऐवजी विकासकाने पर्यायी घराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश दिले. जानेवारी २०२० मध्ये सगळ्यांनी घरे सोडली. नलिनीबाई भांडुपला भाड्याच्या खोलीत गेल्या. मार्चच्या सुरुवातीपर्यंत इमारत पाडून झाली, आणि त्याच महिन्यात सगळे बंद झाले. पहिल्या वर्षाचे धनादेश वटले. दुसऱ्या वर्षाचा पहिलाच परत आला. साथीचे कारण काही महिने पुरले, नंतर विकासकाने फोन उचलणे सोडले. नलिनीबाईंनी भांडुपची खोली सोडली आणि त्या जोगेश्वरीला मानसीच्या घरी बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागल्या. वडिलांना त्यांनी जेवढी जागा दिली होती, त्याहून ती थोडी मोठी होती. श्रेयसने पत्रे लिहिली, वकील केला, स्वतःच्या खिशातून त्याला पैसे दिले, आणि शेवटी कर्ज फेडण्यासाठी अधिक पगाराची नोकरी घेऊन हैदराबादला गेला. तो अप्रामाणिक नव्हता. त्याला घाई होती.

२०२३ मध्ये मानसी आणि तिचा नवरा अंधेरीत मोठे घर शोधत होते. एका नव्या प्रकल्पातला नमुन्याचा फ्लॅट पाहायला मानसी आईलाही घेऊन गेली. दाखवणारा माणूस सौरभ निघाला. त्याने जुनी कंपनी केव्हाच सोडली होती. त्याने बाईंना ओळखले, खुर्ची दिली, इमारतीबद्दल वाईट वाटते असे म्हणाला, आणि बोलता बोलता दाबक्यांवर आला.

"फार कडक माणूस. ऑफिसला यायचे नाहीत, घरी बोलवायचे नाहीत. हॉटेलात भेटायचं, आणि आपल्या चहाचे पैसे आपण द्यायचे. एकदा मी चुकून दोघांचं बिल भरलं तर हॉटेलच्या मालकासमोर माझ्या हातात त्यांचे पैसे कोंबले."

नलिनीबाईंनी विचारले, कंपनीचे त्यांच्याबद्दल काय म्हणणे होते.

"हा माणूस आहे तोवर काम होणार नाही, हेच. आम्ही त्याला बाजूला कसं करायचं याच विचारात होतो. पण आम्हाला काही करावंच लागलं नाही, काकू. तुमच्याच बिल्डिंगमध्ये कोणीतरी ते केलं."

परतताना रिक्षात मानसीने विचारले, कळले ना आता. तेव्हा त्या उसळून मालवणीत म्हणाल्या, "ह्यो खरा कित्याक बोलतलो? ह्येका त्यात काय गावतला?"

"काही गावत नाही म्हणूनच बोलला, आई."

हे उत्तर त्यांनी मानले नाही. सौरभ घरे विकणारा, घरे विकणाऱ्याचे कौतुकही विक्रीसाठीच, असा विचार त्या कित्येक दिवस करत राहिल्या. कोणाच्या तरी तोंडून ऐकून विश्वास ठेवण्याचा परिणाम त्या दिवाणावर झोपून भोगत होत्या, आणि म्हणून या वेळी त्यांना स्वतः विचारायचे होते. तशात आणखी एक निमित्त घडले. नवा विकासक पुढे आला होता. खड्ड्यासकट सगळे ताब्यात घेऊन इमारत पुरी करण्याची त्याची तयारी होती, मात्र घरे थोडी लहान मिळणार होती आणि सभासदांनी थकलेल्या भाड्यावरचा हक्क सोडायचा होता. मसुद्याची प्रत सर्वांना गेली होती.

दाबके ऐरोलीला भाड्याच्या घरात राहत होते. मानसीने आईला तिथे सोडले आणि ती खाली गाडीत थांबली. दाबक्यांनी दार उघडले, क्षणभर ओळख पटली नाही असे पाहिले, मग आत या म्हणाले. त्यांची पत्नी बाहेर गेली होती. नलिनीबाईंनी फिरवाफिरव केली नाही. सौरभ काय म्हणाला ते सांगितले आणि खरे का, असे विचारले. दाबक्यांनी खरे म्हणून सांगितले. तपासणीला ज्या शाखेत जात तिथे ते पिण्याचे पाणीसुद्धा घरून नेत. तीच सवय संस्थेच्या कामाला लावली होती. हॉटेल हे दुकान होते, तिथे विकत घेतलेल्या चहाने कोणाचे मिंधे होण्याचा प्रश्न नव्हता.

"मग सभेत हे का नाही बोललात?"

"सतरा वर्षं एकाही घरात घोटभर पाणी घेतलं नाही, बाई. त्यानंतर मी हॉटेलचं बिल दाखवत फिरायचं?"

"आमच्याकडे कोण पाणी पीत नाही आणि का, ते मी परकरात असल्यापासून बघत आलेय. तुमचं कारण वेगळं आहे, हे मला कोण सांगणार होतं?"

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होते. दाबक्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

"हे माझ्या कधी मनात आलं नाही," ते म्हणाले. "यायला पाहिजे होतं."

ज्या सचोटीचे कारण सांगितले जात नाही तिचा अर्थ प्रत्येकजण आपल्या पूर्वानुभवाने लावतो. काहींना या देशात एकच अनुभव वारंवार मिळत आला आहे. दाबक्यांच्या नियमाने त्यांना निष्कलंक ठेवले, पण समोरच्याच्या मनात तो काय जागे करतो हे पाहण्याची गरज त्यांना कधी भासली नव्हती. तेवढ्याने नलिनीबाईंच्या वर केलेल्या हाताचा भार हलका होत नाही. त्यांनी पाहिला होता चहा. बाकीचे त्यांनी मानले होते.

मग नलिनीबाईंनी पिशवीतून मसुदा काढला. दाबक्यांनी तो आधीच वाचला होता. याही वेळी बँकेची हमी नाही, असे ते म्हणाले. सभेत तुम्ही बोला, असे बाईंनी सुचवले.

"मी मागितली तर ती पडेल. तुम्हाला ठाऊक आहे."

"मग मी मागते," नलिनीबाई म्हणाल्या.

सभा २०२४ च्या मे महिन्यात गल्लीतल्या देवळाच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात झाली. श्रेयस हैदराबादहून फोनवर होता आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. दाबके मागच्या रांगेत बसले. बहुतेकांना सही करून मोकळे व्हायचे होते. नलिनीबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की हमी दिल्याशिवाय आपण सही करणार नाही, आणि भाड्यावरचा हक्कही सोडणार नाही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. फोनमधून श्रेयसचा आवाज आला. "काकू, हे तुमचं नाही. कोणीतरी पढवून पाठवलंय तुम्हाला."

तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "ऐरोलीला गेला होतात ना तुम्ही? बघणाऱ्यांनी बघितलंय हो."

"गेले होते," नलिनीबाई म्हणाल्या.

इथपर्यंत सगळे गच्चीवरच्या त्या रविवारसारखे झाले. परंतु त्या खाली बसल्या नाहीत. आपण कशासाठी गेलो, किती वेळ बसलो आणि काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, "हॉटेलातला चहा पहिल्यांदा मी सांगितला. गंधालीकडच्या हळदीकुंकवाला. त्याचे पैसे दाबक्यांनी स्वतः दिले होते, ते मी कधी विचारलं नाही. पाकीट मी सांगितलं नाही. मी पाहिलंच नव्हतं. ज्याने पाहिलं असेल त्याने आत्ता उभं राहून सांगावं."

कोणी उभे राहिले नाही. तळमजल्यावरच्या बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतले. श्रेयस म्हणाला की त्याला ऐकू नीट येत नाही, आणि मग म्हणाला की ऐकू आले. मागच्या रांगेकडे वळून पाहण्याचे बहुतेकांनी टाळले. दाबके जमिनीकडे पाहत होते.

हमीची मागणी नव्या विकासकाला लेखी कळवावी असे त्या दिवशी ठरले, मतदान न घेता. सभा उठल्यावर जिन्यात दोन तट पडले. एकाचे म्हणणे असे की काकू खरे बोलल्या. दुसऱ्याचे असे की दाबक्यांनी त्यांना हाताशी धरले आणि दोघांनी मिळून आता भाव वाढवायला घेतला. दुसरे म्हणणे जिन्याच्या तळाशी पोहोचेपर्यंत अधिक लोकांचे झाले होते. मानसीने आईला हात देऊन गाडीत बसवले.

नव्या विकासकाचे उत्तर आलेले नाही. खड्ड्यात पाणी साठते म्हणून महापालिकेने संस्थेला दोनदा नोटीस दिली. नलिनी कोयंडे जोगेश्वरीला राहतात आणि मसुद्यावर त्यांची सही नाही. जानेवारी २०२१ पासूनचे भाडे कोणत्याही बिऱ्हाडाला मिळालेले नाही.